सगळी खोलून बसू नकोस

अगं, फोटो पाहिले. एअर क्लीनरमधलं उंदराचं घरटंसुद्धा पाहिलं. आईच्या आधी मला सांगितलंस ते बरं केलंस. आई म्हणाली असती, घरात धड सोफा नाही आणि ही बाई भंगार ओढून आणते. मी तसं म्हणणार नाही. 1977 सालची ट्रायम्फ स्पिटफायर 1500, पिवळी, छत फाटलेलं, वीसेक वर्षं एका म्हाताऱ्या गृहस्थाच्या गॅरेजात उभी, आणि तुझ्या हातात मोजून तीन हजार पौंड. वेडेपणा आहेच, पण हिशेबात बसवता येईल असा आहे. फक्त माझं एक ऐक. गाडी सगळी खोलून बसू नकोस.

हे आधीच सांगते, कारण तू रात्र-रात्र व्हिडिओ पाहत असणार. त्यातला माणूस बॉडी चासीवरून उचलतो, एकेक नटबोल्ट चिठ्ठी लावून पिशवीत भरतो, आणि शेवटच्या भागात गाडी नवी कोरी होऊन बाहेर येते. त्याच्याकडे मोठी शेड असते, त्याला वेल्डिंग येतं, आणि एकूण किती गेले तो आकडा तो कधी सांगत नाही. इकडे कॉव्हेंट्रीत या गाड्यांच्या नादी लागलेल्यांमध्ये मी इतकी वर्षं ऊठबस करतेय. गंजाने संपलेल्या स्पिटफायर मी पाहिल्या, पण त्याहून जास्त पाहिल्या त्या खोक्यांत संपलेल्या. ‘काम अर्धवट, सगळे पार्ट आहेत’ अशी जाहिरात दिसली की समजायचं, कुणीतरी उत्साहात खोलली, मग मूल झालं नाहीतर नोकरी गेली, आणि कुठला बोल्ट कुठला हे त्याचं त्यालाही आठवेना. तशी गाडी मातीमोल जाते. चार चाकांवर उभी असलेली, कशीबशी का होईना स्वतःच्या पायांनी गॅरेजबाहेर येणारी गाडी मात्र गंजकी असली तरी गाडीच असते. तिला घेणारा भेटतो, आणि मुख्य म्हणजे तुझा हुरूप टिकतो.

खोलायचा मोह होतो, कारण ही गाडी मुळातच खोलता येईल अशी केलेली आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 साली प्रतिस्पर्ध्याने, म्हणजे बीएमसीने, विकत घेतली. अख्खी एकसंध बॉडी करून देणारं कुणी हाताशी उरलं नाही. म्हणून 1959 ची ट्रायम्फ हेराल्ड निघाली ती जुन्या पद्धतीने, वेगळ्या चासीवर, बॉडीचे भाग बोल्टांनी जोडून. तिचं रूप इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने काढलं. अशी गाडी सुटी करून जहाजाने पाठवायची आणि दुसऱ्या देशात जोडायची हेही सोपं. आपल्याकडे 1961 पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली ती हीच. आप्पांच्या वाड्यात उभी असायची ती. तू झाली नव्हतीस तेव्हा. स्पिटफायर ही त्या हेराल्डच्या चासीचीच आखूड केलेली बहीण, रूप पुन्हा मिकेलोत्तीचं.

आणि गंमत म्हणजे तीसुद्धा आधी कोपऱ्यात पडून होती. कंपनीकडे पैसा नव्हता, नमुना तयार करून झाकून ठेवला होता. 1961 मध्ये लेलँडने ट्रायम्फ विकत घेतल्यावर नवे साहेब कारखाना बघत फिरत होते, तेव्हा कापडाखाली ही गाडी सापडली असं सांगतात. ऑक्टोबर 1962 मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि 1980 पर्यंत कॅनलीच्या कारखान्यात बनत राहिली. पाच अवतारांत मिळून तीन लाखांवर गाड्या. म्हणूनच तुझ्या तीन हजारांना काही अर्थ आहे. पार्ट मिळतात, नवे मिळतात, आणि इतर स्पोर्ट्स गाड्यांच्या मानाने स्वस्तात मिळतात. कॅनलीचा तो कारखाना आता नाही. तिथे दुकानं आणि ऑफिसं आहेत, आणि रस्त्याला हेराल्ड ॲव्हेन्यू असं नाव. मी तिथे किराणा आणायला जाते.

आता कामाचं. बॉडी उचलू नकोस असं म्हणते त्यामागे पैशापेक्षा मोठं कारण आहे. हेराल्डच्या चासीला दोन्ही बाजूंना हात होते. स्पिटफायरला हलकी करताना ते काढले, मधला कणा तेवढा ठेवला. मग बाजूचा भार कोणी घ्यायचा? दाराखालच्या सिलने. ती लांब पोकळ पट्टी दिसते ना, ती शोभेची नाही. बाहेरचा पत्रा, मधला मजबुतीचा पत्रा आणि आतला फ्लोअरला जोडलेला, असे तीन मिळून ती पेटी होते. मागच्या चाकांना पुढेमागे सरकू न देणारे दांडे, रेडियस आर्म, तेसुद्धा सीटमागच्या बॉडीच्या पत्र्यालाच बसवलेत. म्हणजे सिल कुजली की गाडी मधोमध खचू लागते. अशी कुजकी बॉडी चासीवरून उचललीस, किंवा दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापल्यास, तर ती वाकडी होईल आणि मग दारं जन्मात नीट लागणार नाहीत.

तेव्हा या शनिवारी पाना हातात न घेता नुसती गाडीभोवती फीर. दाराची मागची फट बघ. वर आणि खाली सारखी आहे का? वर मिटत चालली असेल तर मधे खचलीय. दार उघडताना-लावताना वर उचलावं लागतं का? मग फ्रिजवरचा एखादा लोहचुंबक कापडात गुंडाळ आणि सिलवरून फिरव. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, नुसती लांबी भरलेली आहे. पूर्वीच्या मालकांचा प्रामाणिकपणा तपासायला याहून स्वस्त साधन मला ठाऊक नाही. खाली वाकून रेडियस आर्म जिथे बसतात तो भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघ. बॉनेट उघडून बॅटरीखालचा पत्राही बघ, कारण वर्षानुवर्षं ॲसिड सांडून तिथे भोक पडतं आणि पावसाचं पाणी थेट पायाशी येतं. कार्पेट ओली असतील तर आजच्या आज काढून टाक. आणि बॉनेट जपून हाताळ. पुढचे दोन्ही मडगार्ड, दिवे सगळं त्या एका तुकड्यात आहे. तो भाग शाबूत असेल तर तू निम्मी जिंकलीस, कारण चांगलं मूळ बॉनेट शोधत लोक वणवण करतात. शिवाय ते पुढच्या बाजूला पूर्ण कलतं, म्हणजे टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं. माझ्या कमरेने यासाठी मिकेलोत्तीचे आभार अनेकदा मानलेत.

जॅक लावताना मात्र एवढं ऐकच. जॅक फ्लोअरला किंवा सिलला नको, चासीला लाव. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर डोकं गाडीखाली घालायचं नाही. स्टँड दोन नाही, चार घे. त्यात काटकसर केलीस तर मी जावईबापूंना फोन करीन.

पैशाची वाटणी आता ऐक, आणि ती मनातल्या हौसेच्या बरोबर उलटी आहे. तुला आधी रंग हवाय, नवं छत हवंय, त्या चौकटीच्या कापडाच्या सीट पुन्हा मढवून हव्यात. कुणालाही हव्या असतात, मित्रमंडळींना दाखवता येतात. पण सिल कुजलेली ठेवून रंग काढायचा म्हणजे वाळवी लागलेल्या कपाटाला नवा सनमायका लावायचा. तुझे पहिले पैसे ब्रेकला. दुसरे पत्र्याला. तिसरे पुढच्या-मागच्या सस्पेन्शनला आणि टायरना. इंजिनसाठी थोडे वेगळे काढून ठेव, आणि रंगाचं नाव पहिल्या वर्षी काढू नकोस. रंग उडालेली, डागाळलेली स्पिटफायर घेऊन तू उन्हाळाभर फिरू शकतेस, लोक उलट कौतुकाने थांबून बोलतात. चकचकीत रंगाची आणि ब्रेक न लागणारी गाडी मात्र गॅरेजातच शोभते.

पत्र्याच्या कामात पैसे कसे वाचवायचे ते सांगते. वेल्डरचा दर तासावर असतो. त्याचे बरेचसे तास जातात सीट काढण्यात, कार्पेट उचलण्यात, जुना डांबरी लेप खरवडण्यात, तारेच्या ब्रशने पत्रा चमकवण्यात. यातलं काहीही तू करू शकतेस. सगळं साफ करून, नव्या सिल आणून, पेट्रोलची टाकी गाडीतून काढून बाजूला ठेवून मग त्याला बोलाव. टाकी डिकीच्या बाजूला, सीटच्या मागे आहे, आणि रिकामी टाकीही भरलेल्या टाकीइतकीच घातक असते, आत वाफ राहते. बॅटरीही सोडवून ठेव. त्याला सांगायचं की बॉडी चासीवरच राहील, गाडी चाकांवर किंवा चासीखाली नीट टेकवलेली राहील, दाराच्या चौकटीत आडवा दांडा टाकून आधार द्यायचा, आणि एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. दर टप्प्याला दार लावून फट बघायची. हे तू म्हणालीस की त्याला कळेल, ही बाई ऐकून सोडणारी नाही. हौस असेल तर इथल्या कॉलेजांत संध्याकाळचे वेल्डिंगचे वर्ग असतात, जरूर जा. पण शिकण्याचा पहिला पत्रा सिलचा नको. बॅटरीखालचा ट्रे कर, डिकीचा फ्लोअर कर. काम झालं की सिलच्या पोकळीत मेण फवारून घे. हे काम कंटाळवाणं आहे आणि दिसत नाही, म्हणून लोक टाळतात, आणि मग दहा वर्षांनी त्याच जागी पुन्हा पैसे ओततात.

आणि नुसता प्रायमर मारून गाडी बाहेर ठेवायची नाही. प्रायमर पाणी पितो. आतून गंज चढतो आणि वर्षभराने सगळं पुन्हा खरवडावं लागतं. रंगाला पैसे नसतील तर दुरुस्त केलेल्या भागावर जवळपासच्या छटेचा डब्यातला रंग मार. वेगळा दिसला तर दिसू दे.

इंजिन चालू करायची घाई झाली असेल तुला. जावयांनी नवी बॅटरीही आणली म्हणे! ती किल्ली त्यांच्या हातातून काढून घे. इतकी वर्षं बंद इंजिन सेल्फ मारून फिरवलं तर कोरड्या सिलिंडरमध्ये रिंगा खरवडतात. आधी चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोड आणि एक-दोन दिवस तसंच मुरू दे. मग पुढच्या पुलीच्या नटला पाना लावून हाताने सावकाश फिरव. फिरलं तर देवाला नारळ फोड. अडलं तर जोर लावू नकोस, आणखी ऑइल सोडून थांब. फिरू लागलं की जुनं ऑइल काढून नवं भर, फिल्टर बदल. या इंजिनला फिल्टर आडवा असतो, त्यामुळे गाडी उभी राहिली की त्यातलं ऑइल खाली उतरतं आणि दुसऱ्या दिवशी चालू करताना क्षणभर खडखड होते. आत परतीचा व्हॉल्व्ह असलेला फिल्टर घे, फरक चार पैशांचा असतो. नंतर प्लग न लावता सेल्फ मारून ऑइलचा दिवा विझतोय का बघ. टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर मात्र चालवायचं नाही. त्याचा वास आंबट वार्निशसारखा झालेला असतो, आणि टाकीतला गंज थेट कार्ब्युरेटरमध्ये जातो. एका छोट्या डब्यातून नवं पेट्रोल दे.

पेट्रोलवरून आठवलं. इथे सप्टेंबर 2021 पासून साधं पेट्रोल म्हणजे ई10, त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. तू सुपर घे, त्यात कमी असतं, आणि तरीही पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या, इथेनॉल चालणाऱ्या टाक. गरम इंजिनवर पेट्रोल ठिबकून गाडी पेटणं ही ऐकीव भीती नाही. शिशाचं पेट्रोल 2000 सालापासून बंद आहे, तर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का ते पूर्वीच्या पावत्यांत शोध. नसतील तरी लगेच हेड काढू नकोस, टाकीत टाकायचं औषध मिळतं, तुझ्या धावपळीला ते पुरेल.

आता एक खास गोष्ट. क्रँकशाफ्ट पुढेमागे सरकू नये म्हणून मागच्या बेअरिंगपाशी दोन अर्धगोल चकत्या असतात, थ्रस्ट वॉशर. क्लच दाबला की सगळा दाब त्यांच्यावर येतो. त्या झिजून खाली पडल्या की क्रँक थेट ब्लॉकवर घासतो आणि इंजिन भंगारात जातं. तपासायला पैसा लागत नाही. एकीने क्लच दाबायचा, दुसरीने पुढच्या पुलीकडे बघायचं. पुली डोळ्याला दिसेल इतकी पुढे सरकली तर इंजिन चालू करायचंच नाही. चकत्या स्वस्त आहेत, आणि इंजिन न उतरवता, खालचा संप काढून बदलता येतात. जाड मापाच्याही मिळतात. एका शनिवारी होणारं काम आहे. गाडी रस्त्यावर आल्यावर सिग्नलला क्लच दाबून उभी राहायची तुझी सवयही सोडायची. न्यूट्रल कर.

दुसरी तशीच गोष्ट पुढच्या चाकांची. चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला एका पितळी तुकड्यात स्क्रूसारखा बसतो, आणि स्टिअरिंग वळवलं की त्या आट्यांवर फिरतो. त्या तुकड्याला ट्रनिअन म्हणतात. त्याला ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल लागतं, नव्वद नंबरचं. ग्रीस आट्यांपर्यंत धड पोचत नाही, पाणी आत शिरतं, दांडा गंजतो, आणि एक दिवस पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवताना कट्‌कन तुटून चाक आडवं होतं. पार्किंगमध्ये झालं तर नशीब. हेराल्डला हाच भाग होता, आणि आप्पांचा मिस्त्री दिसेल त्या निपलात ग्रीस भरायचा, म्हणून मला हे इतकं पाठ आहे. नवीन दांडे आणि ट्रनिअन ही तुझ्या तीन हजारांतली सर्वात शहाणी खरेदी असेल. कमीपणा वाटून घेऊ नकोस, लोटसनेही आपल्या एलानला हीच ट्रायम्फची पुढची चाकजोडणी वापरली होती.

ब्रेकबद्दल थोडक्यात. पुढे डिस्क, मागे ड्रम. वीस वर्षांनंतर यातलं रबर काही वाचवण्याजोगं नसतं, बघत बसू नकोस, सगळ्या नळ्या, मागचे सिलिंडर, मास्टर सिलिंडरची रबरं बदल. ड्रम उघडताना ती धूळ फुंकरू नकोस की झाडू नकोस. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लाव, ओल्या फडक्याने पूस, फडकं पिशवीत बांधून टाक. टायरवर खोल नक्षी दिसली म्हणून खूश होऊ नकोस. बाजूला चार आकडे शोध, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल. 2204 असेल तर तो 2004 चा आहे, आणि त्यावर तुझी भाची बसणार नाही, सांगून ठेवते.

कागदपत्रांत आपलं नशीब चांगलं आहे. चाळीस वर्षांवरची गाडी म्हणून तिला रोड टॅक्सचा भुर्दंड नाही, पण शून्य पौंडांचा का होईना टॅक्स भरल्याची नोंद करावीच लागते. तोवर गाडी रस्त्यावर नाही असं डीव्हीएलएला, म्हणजे वाहननोंदणीच्या कार्यालयाला, कळवून ठेव. लॉगबुक हरवलं असेल तर ते मिळवायचा अर्ज आजच टाक, गाडी तयार झाल्यावर नको. मात्र लॉगबुक म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. म्हाताऱ्यांच्या मुलीकडून विक्रीची सही केलेली पावती घे. एमओटीची, म्हणजे वार्षिक तपासणीची, सक्ती मे 2018 पासून अशा जुन्या गाड्यांना नाही. तरीही तू करून घे. थोड्याशा पैशांत कुणीतरी तिऱ्हाईत माणूस तुझ्या गाडीखाली जाऊन सगळं ठोकून बघतो आणि लिहून देतो. एवढा स्वस्त सल्ला इथे दुसरा मिळत नाही. विमा काढताना किंमत आधी ठरवून घेणारा काढ, नाहीतर उद्या काही झालं तर ते ‘जुनी गाडी’ म्हणून चिल्लर हातावर ठेवतील.

पार्ट घेताना सगळ्यात स्वस्त रबराच्या मागे लागू नकोस. नव्याने बनवलेली काही रबरं वर्षभरात तडकतात. क्लबातल्यांना विचार, कोणाचं टिकतं. ट्रायम्फ स्पोर्ट्स सिक्स क्लबचं सभासदत्व घे, लेस्टरशायरमधल्या लबनमला त्यांचं ठिकाण आहे. हेराल्ड, स्पिटफायर सगळ्यांचा तो क्लब. पुरुष जास्त, पण चांगले आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या गॅरेजात तुला लागणारी वस्तू पडलेली असते. फेब्रुवारीत स्टोनलीला एमजी-ट्रायम्फच्या पार्टचा बाजार भरतो. आपण दोघी जाऊ. तिथे घासाघीस करायला लाजायचं नाही. मंडईत मेथीच्या जुडीवरून भांडणारी तू, पन्नास पौंडांच्या बंपरला गप्प कशी राहशील?

गॅरेजवाल्यांचंही सांगते. तू प्रश्न विचारशील आणि तो उत्तर जावयांकडे बघून देईल. जावयांना त्या दिवशी घरी ठेव. एकटी जा, वही घेऊन जा, आणि आधी विचार, थ्रस्ट वॉशरचा प्ले किती भरला? ज्याला राग येतो त्याच्याकडे गाडी टाकू नकोस. ज्याचे डोळे चमकतात त्याला चहा पाज. आणि कुणी म्हणालं, पूर्ण करून देतो, किती होतील ते बघू, तर नमस्कार करून निघ. कामाचा तुकडा ठरवायचा, त्याचे पैसे ठरवायचे, तो झाला की पुढचा.

घरात हिशेब लपवू नकोस हेही तितकंच महत्त्वाचं. पावत्या डब्यात टाकून विसरायच्या नाहीत, वहीत मांडायच्या आणि वही फ्रिजवर ठेवायची. लपवलेला खर्च दुप्पट वाटतो, जावयांना आणि तुलाही. गाडी विकून पैसे सुटतील असं मात्र त्यांना चुकूनही पटवू नकोस. स्पिटफायर स्वस्त क्लासिक आहे, तिच्यावर घातलेले सगळे परत येत नाहीत. घालायचे ते चालवायच्या आनंदासाठी, आणि तेवढंच त्यांना सांगायचं. महिन्याला ठरलेली रक्कम, त्यापुढे नाही. ज्या महिन्यात रक्कम संपली, त्या महिन्यात फुकटची कामं, वायरिंगची जोडणी साफ करणं, खिडक्यांच्या रबराखालची घाण काढणं. वायरिंगच्या निम्म्या तक्रारी खराब अर्थिंगच्या असतात, आणि अर्थिंग घासायला पॉलिश पेपर पुरतो. नवा हार्नेस आण असं सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नकोस.

तर तुझा नकाशा असा. हिवाळ्यात ब्रेक, चाकं, इंजिनला जाग. वसंतात दोन्ही सिल, एकेक करून. मग एमओटी. आणि त्यानंतर फाटक्या छतासकट आधी जवळ जवळ फिरायचं. पहिल्या फेऱ्यांत गाडी स्वतःच सांगेल पुढचा खर्च कुठे ते. पावसाळी वळणावर मात्र अचानक ॲक्सिलरेटर सोडू नकोस. सुरुवातीच्या स्पिटफायरची मागची चाकं तशा वेळी आत दुमडायची, 1970 च्या मार्क फोरपासून मागचा पाटा बदलून ते बरंच सुधारलं, तुझीत सुधारलेलाच असणार, पण कुणा हौशी माणसाने जुना पाटा बसवलेला नाही ना ते मी आल्यावर बघीन.

रविवारी दहापर्यंत पोचते. चुंबक, टॉर्च आणि माझे दोन स्टँड आणते, तू गॅरेज रिकामं कर आणि पूर्वीच्या पावत्यांची ती फाइल शोधून ठेव. आईला मी सांगते, तू काही बोलू नकोस.